आमच्या ओटीवरची विमाने

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषण करा म्हणून सांगितले तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. लोणची-पापड, भरतकाम, मुलांची दुखणी या विषयांवर माझ्याहून चांगल्या बोलणाऱ्या बायका या मंडळात आहेत. पण त्यांचे म्हणणे असे पडले की, होळीत तुमच्या एकट्याच घरी चांगली मोठी माणसे रविवारी विमाने करीत बसतात, तीही जपानी आणि लढाईतली. त्यावरून गेल्या संक्रांतीला जे झाले ते अर्ध्या आळीला अर्धवट ठाऊक आहे. तेव्हा एकदा नीट सांगा. म्हणून उभी राहिले आहे.

हा नाद घरात आणला आमच्या थोरल्याने. पहिला डबा त्याने आपल्या पहिल्या पगारातून मागवला. एका डब्याला दीड-दोन हजार रुपये पडतात, आणि आत काय, तर प्लॅस्टिकचे तुकडे! सासूबाईंनी ते तुकडे पाहून, खेळणे मोडून आले आहे, परत पाठव, असेच सांगितले. पुढे त्याला सोबती मिळत गेले. पापडीकडचे एक दातांचे डॉक्टर आहेत, ते आपली झिजलेली दात कोरायची हत्यारे घेऊन येतात आणि त्यांनी विमानाच्या पत्र्यांच्या रेघा कोरतात. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आहेत, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. एक शाळेतले मास्तर आहेत, आणि मागल्या वाडीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे. दर रविवारी दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत आमच्या ओटीवर चटई पडते. चहा दोनदा, पोहे एकदा. मंडळींचा त्रास म्हणाल तर एवढाच.

आता ही विमाने म्हणजे काय ते सांगते. दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात तो डोळ्यांपुढे आणा. बुरूज वीतभर, त्यावरचा मावळाही वीतभर, आणि पायथ्याला वाघ, तो मावळ्याहून मोठा. कोणी हरकत घेत नाही. या विमानांत तसे चालत नाही. डब्यावर १/७२ असे छापलेले असते, म्हणजे खऱ्या वस्तूचा बरोबर बहात्तरावा हिस्सा. सातवीपर्यंतचे गणित येथे मला पुरले. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हा सहा फुटी माणूस या हिशेबाने एक इंचाचा. झीरो नावाच्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२ मीटर होते. आमच्या ओटीवर ते साडेसोळा सेंटिमीटरांहून किंचित जास्त भरतात. कोणताही भाग मापा, हिशेब तोच लागला पाहिजे.

हा अगदीच पोरखेळ आहे असेही समजू नका. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने तिकडच्या शाळांतल्या मुलांकडून याच मापाची पाच लाख लाकडी विमाने करून मागितली होती. आकाशात दूर ठिपक्यासारखे दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे नुसत्या आकारावरून ओळखायला सैनिकांना शिकवायचे होते. लढाई संपल्यावर तोच प्रकार छंद म्हणून वाढला. आमचे बहुतेक डबे जपानातल्या शिझुओका शहरातून निघालेले असतात. तेथली तामिया ही नावाजलेली कंपनी १९४६ साली लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. आधी ते लाकडाची मॉडेले करीत, आणि त्यांचे प्लॅस्टिकचे पहिले मॉडेल १९६० साली निघाले. ते होते यामातो नावाच्या युद्धनौकेचे.

डबा उघडला की तुकडे सुटे नसतात. एका चौकटीला देठांनी चिकटलेले असतात, घडाला द्राक्षे असावीत तसे. ती चौकट आधी साबणाच्या पाण्यात धुवायची, कारण साच्यातून सहज सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा तिच्यावर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग तुकडा देठापासून कापायचा, कापलेली जागा पॉलिश पेपरने घासायची, गोंद न लावता जोडून बघायचा, आणि मगच चिकटवायचा. ब्लाउज शिवताना आपण आधी कच्चा टाका घालून अंगाला लावून बघतो, तेच हे. आणखी एक गोष्ट म्हणजे वैमानिक बसतो ती जागा सगळ्यांत आधी रंगवावी लागते. विमानाची दोन्ही अंगे एकदा मिटली की आत कुंचला जात नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्याच जागेबद्दल बोलायचे आहे.

मी यात शिरले ती केरसुणी घेऊन. तांदळाच्या कणीएवढा तुकडा चिमट्यातून उडाला की चार शिकलेली माणसे गुडघ्यांवर रांगू लागत आणि जो तो दुसऱ्याला, हलू नका, म्हणून ओरडे. एकदा मी सगळ्यांना उठवले, ओटी झाडली, केर सुपात घेतला आणि पाखडला. तुकडा सापडला. त्या दिवसापासून माझी चटईवर जागा ठरली. पुढे रंगाचे बारीक काम आले. वैमानिकापुढच्या घड्याळांचे पांढरे ठिपके कुंचल्याने येत नाहीत. मी ते सुईच्या टोकाने देते. विमानाच्या पाठीवरून जी तार जाते ती तर आपल्याच हातची आहे. उरलेला देठ मेणबत्तीवर धरून मऊ करायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा, की केसासारखा तंतू निघतो. ज्या बाईने शेवया ओढल्या आहेत तिला हे शिकवावे लागत नाही. डॉक्टरांचे तंतू अजून तुटतात.

वैमानिकावरची काच बसवायला फेविकॉलच चांगला. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने काच धुरकट होते. आणि वसईच्या हवेत जून ते सप्टेंबर रंगाची फवारणी बंद, कारण दमटपणाने रंगावर पांढुरकी साय धरते. त्या चार महिन्यांत नुसते कापणे, घासणे आणि वाद घालणे चालते.

बाकीच्या तुकड्यांना लागणारा गोंद आपल्या ओळखीचा नव्हे. तो प्लॅस्टिकच विरघळवतो, मग दोन कडा एकमेकींत मुरून एकजीव होतात. वास उग्र, म्हणून तो ओटीवरच. माजघरात त्याला बंदी आहे. गोंदावरून एक ऐकलेले सांगते. लढाईच्या अखेरीस जपानने कागदाचे मोठाले फुगे करून त्यांना बाँब बांधले आणि वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले. नोव्हेंबर १९४४ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत असे सुमारे नऊ हजार फुगे सोडले. तो कागद थरावर थर चिकटवण्याचे काम शाळकरी मुलींना लावले होते, आणि खळ होती कोन्याकू नावाच्या कंदाची. हा कंद आपल्या सुरणाच्या जातीचा. पोटात भूक इतकी की त्या मुली ती खळ चोरून खात असत, असे म्हणतात. १९४५ च्या मे महिन्यात ऑरेगन प्रांतात यांतला एक न फुटलेला बाँब पाच मुलांना आणि एका गरोदर बाईला रानात सापडला आणि ती सहाही जणे गेली. मुलींनी चिकटवलेला कागद कुठे जाऊन कुणाला लागला पाहा. सुरण चिरताना मला हे आठवते, त्याला इलाज नाही.

आता झीरोकडे येते. हे नाव कसे पडले ते आपल्याला चटकन समजेल, कारण आपण पत्रिकेवर शके घालतो तसा जपान्यांचाही आपला वेगळा शक होता. इंग्रजी १९४० हे त्यांचे २६०० वे वर्ष. त्या वर्षी सैन्यात दाखल झालेल्या विमानाला शेवटचा आकडा मिळाला, शून्य. त्याचा आराखडा मित्सुबिशी कंपनीतल्या जिरो होरिकोशी नावाच्या इंजिनियरने केला. काकांना या विमानाची सर्वांत आवडणारी गोष्ट बैलगाडीची आहे. नागोयाच्या कारखान्याला स्वतःचे विमानतळ नव्हते. तेव्हा १९३९ च्या मार्चमध्ये तयार झालेले पहिले विमान सुटे करून बैलगाड्यांवर चढवले आणि सुमारे ४८ किलोमीटर लांब कागामिगाहारा येथे नेले. आपल्या वसईरोडहून चर्चगेट जवळजवळ तेवढेच. मोटारीने नेले असते तर खराब रस्त्यावर धक्के बसले असते. १ एप्रिल १९३९ रोजी ते उडाले. जगातले तेव्हाचे एक उत्तम लढाऊ विमान बैलांनी ओढत नेले, हे काका इतक्या कौतुकाने सांगतात की बैल जणू त्यांच्याच गोठ्यातले.

पण ते उत्तम कशाने झाले, हे मला पुस्तकाने कळले नाही, हातांनी कळले. नौदलाने मागण्या केल्या होत्या त्या भल्यामोठ्या. विमान वेगाने जावे, चटकन वळावे, आणि समुद्रावर शेकडो मैल जाऊन परत यावे. इंजिन मात्र हजार अश्वशक्तीचेही नाही. मग उपाय एकच, वजन कमी करा. जस्त घातलेली नवी मिश्र धातू वापरली. जिथून जमेल तिथून धातू काढला. वैमानिकाचे आसन रंगवायला माझ्याकडे आले तेव्हा मला ते पुरणाच्या चाळणीसारखे दिसले. मी थोरल्याला म्हटले, यात भोके कसली? तो म्हणाला, आई, खऱ्या विमानात होतीच, वजन वाचवायला. बरे, आसनाच्या पाठीमागे काय? काही नाही. याआधी आम्ही अमेरिकनांचे वाइल्डकॅट विमान केले होते, त्यात वैमानिकाच्या पाठीशी पोलादी पत्रा होता, गोळी अडवायला. सुरुवातीच्या झीरोत तो नव्हता. तेलाच्या टाक्याही अशा होत्या की गोळी लागली तर भोक आपोआप बुजत नसे, पेट घेई. झीरो विमाने एकूण दहा हजारांहून जास्त बांधली गेली. आपण संसारात काटकसर करतो, पण घरच्या माणसाच्या पाठीची करीत नाही. ते आसन माझ्या करंगळीच्या नखाहून मोठे नव्हते. रंगवताना ते मला आवडले नाही आणि तसे मी बोलून दाखवले. पुरुष मंडळी हसली. मुलगी हसली नाही.

आता संक्रांतीचे. हळदीकुंकवाला पुष्कळजणी आल्या होत्या, त्यांतल्या काही येथे बसल्या आहेत. विमाने तेव्हा दिवाणखान्यात काचेच्या कपाटात होती. पंखांवर लाल टिळा, जपानी भाषेत हिनोमारू, सूर्याचे चिन्ह. आळीतल्या एक आजी आल्या. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांनी कपाटाकडे पाहिले, कसली म्हणून विचारले, सासूबाईंनी सांगितले, आणि आजी कुंकू न लावून घेता, वाण न घेता उठल्या. जाताना त्यांनी कोणाला काही म्हटले नाही. भगिनींनो, संक्रांतीला घरातून सवाष्ण किंवा वडीलधारी बाई अशी उठून जाणे म्हणजे काय ते मी सांगायला नको. सासूबाई रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या रविवारी हा विषय ओटीवर निघाला आणि त्याचे भांडणच झाले. काका म्हणाले, हा टिळा आपल्याला शत्रूचा वाटायचे कारण नाही. याच विमानांच्या छायेत नेताजींची आझाद हिंद सेना इंफाळपर्यंत आली. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले त्या सेनेचे मोठे सेनानी होते. माझ्या वडिलांनी नेताजींची तसबीर देवघरात लावली होती. मास्तर शांत माणूस, पण ते तापले. म्हणाले, तुमची तसबीर खरी, आणि संगशाकही खरे. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात संगशाकच्या टेकडीवर मराठा पलटणीच्या चौथ्या बटालियनने छत्रीधारी ब्रिगेडबरोबर जपान्यांना अनेक दिवस अडवून धरले. प्यायला पाणी नाही. विमानांतून टाकलेले सामान पुष्कळसे जपान्यांच्याच हाती पडे. ती रत्नागिरी-साताऱ्याची पोरे कोणाची होती? ६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बाँब पडले ते र्‍यूजो जहाजावरून उडालेल्या याच टिळ्याच्या विमानांतून. त्या वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्यावर पडले तेही. डॉक्टर मधे पडायला गेले तर दोघेही त्यांच्यावर उलटले.

मला स्वतःला दोघांचेही म्हणणे खोटे वाटले नाही. आमच्या आजेसासूबाई सांगत की १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज उडाले तेव्हा येथे फळीवरची भांडी वाजली आणि, जपानी आले, अशी आवई उठली. खरे कारण जहाजात कापसाच्या गाठींना लागलेली आग, आणि शेजारी भरलेला दारूगोळा. त्या जहाजात पेट्यांत बंद केलेली स्पिटफायर विमानेही होती, इंग्रजांची. असे ते दिवस. घरातला एक मुलगा इंग्रजांच्या पलटणीत, एक बेचाळीसच्या चळवळीत, एक आझाद हिंद सेनेत, अशी घरे आपल्या देशात होतीच. नेताजींच्या शेवटाबद्दलही अजून एकवाक्यता नाही. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैवानात जे कोसळले ते मित्सुबिशीचे बाँबफेकी विमान होते. १९५६ साली शाहनवाज समितीने नेताजी त्यात गेले असे म्हटले. २००६ साली संसदेपुढे आलेल्या मुखर्जी आयोगाच्या अहवालाने ते मानले नाही, आणि तो अहवाल सरकारने मानला नाही. त्या विमानाचाही डबा मिळतो. आमच्यात तो आणावा की नाही यावर मतभेद आहेत, म्हणून आलेला नाही.

मास्तर त्या दिवसानंतर दीड महिना फिरकले नाहीत.

मी मात्र चार दिवसांनी तिळगूळ घेऊन आजींकडे गेले. त्यांनी बसायला पाट दिला. म्हणाल्या, "तुझ्या मुलावर माझा राग नाही गं. पण ती विमाने तुम्ही काचेत देवासारखी मांडलीत." मग त्यांनी सांगितले ते असे. त्यांचा धाकटा मामा सैन्यात गेला आणि सिंगापुरात होता. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, चाळीस हजारांहून जास्त हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती लागले. त्यांतले पुष्कळ आझाद हिंद सेनेत गेले. जे गेले नाहीत त्यांतल्या हजारोंना न्यू गिनीसारख्या लांबच्या बेटांवर मजुरीला नेले, आणि तेथे उपासमारीने, तापाने, माराने माणसे मेली. मामा यांतला कोण, हे कधी कळले नाही. पत्र नाही, तार नाही. आजींची आई जिवंत होती तोवर संक्रांतीला तिळगुळाची एक वाटी भावासाठी बाजूला काढी. "आईला एवढेच कोणीतरी सांगितले होते, की लाल टिळ्याची विमाने आली आणि सिंगापूर गेले. म्हणून मला तो टिळा बघवत नाही." मी काय उत्तर देणार? तिळगूळ त्यांनी घेतला. मी उठले.

घरी आल्यावर मी थोरल्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, विमाने दिवाणखान्यातून आतल्या खोलीत न्यायची, आणि प्रत्येकापुढे एक चिठ्ठी ठेवायची की हे विमान कधीचे, कोठे गेले आणि त्याने कोणावर बाँब टाकले. नुसते नाव आणि वेग लिहून चालणार नाही. दुसरी गोष्ट, आसन रिकामे ठेवायचे नाही. डब्यात बहुधा एक इवलासा वैमानिक येतो. बसलेला म्हणून इंचाहूनही लहान. आमची मंडळी तो बसवीत नाहीत, कारण मग आतली घड्याळे दिसत नाहीत. मी म्हटले, घड्याळे नाही दिसली तरी चालतील.

या दुसऱ्या गोष्टीला थोरला सहजी तयार झाला नाही. तेव्हा त्या कॉलेजातल्या मुलीने माझी बाजू घेतली. ती मोबाईलवर शोधून वाचते आणि आम्हाला सांगते. तिने सेन्निनबारीबद्दल सांगितले. जपानी बाई आपल्या मुलाला किंवा नवऱ्याला लढाईवर पाठवताना पांढऱ्या कापडाचा पट्टा करी आणि त्यावर हजार बायकांकडून लाल दोऱ्याची एकेक गाठ घालून घेई. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहून बायका येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना, एक टाका घाला हो, म्हणून विनवीत. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला मात्र आपल्या वयाइतक्या गाठी घालायची मुभा असे, कारण वाघ हजार कोस गेला तरी घरी परत येतो अशी तिकडची समजूत. तो पट्टा पोटाला बांधून ही मुले त्या चाळणीसारख्या आसनावर बसत.

आणखी तिने चिरान गावच्या तोमे तोरिहामा या बाईंची हकीकत सांगितली. चिरान हा चहाच्या मळ्यांचा मुलूख. तेथे लष्कराचा विमानतळ होता आणि या बाई गावात खानावळ चालवीत. १९४५ साली तेथून मुले अशी उडत की परत यायचेच नाही. बाँब घेऊन विमानासकट जहाजावर आदळायचे. १९४४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या या प्रकारात सुमारे चार हजार वैमानिक गेले. कितीतरी अठरा-वीस वर्षांचे. ही मुले तोमेबाईंना आई म्हणत. लष्कर त्यांची पत्रे तपासून पाठवी, म्हणून मनातले लिहिता येत नसे. बाई ती पत्रे गुपचूप नेऊन स्वतः टपालात टाकीत आणि मुलांच्या आईबापांना आपणही लिहीत. लढाईनंतर त्यांच्याच खटपटीने १९५५ साली तेथे कान्नोन देवीचे देऊळ झाले. बाई १९९२ साली वारल्या. आज तेथल्या संग्रहालयात अशा १,०३६ मुलांची आठवण राखली आहे, त्यांचे फोटो आणि पत्रे मांडली आहेत, आणि १९८० साली समुद्रातून वर काढलेले एक गंजके झीरोही आहे.

कोणी म्हणेल, त्या मुलांची एवढी कणव आणि आजींच्या मामाची? हा प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांनी तो विचारलाच. मी म्हटले, कणव मोजून वाटायची असेल तर मला गणित जमणार नाही. पण यापुढे आपल्या ओटीवर जे विमान होईल त्यात माणूस बसलेला असेल आणि ते कोणाच्या अंगावर गेले तेही लिहिलेले असेल. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी पोह्यांची वाट पाहू नये. यावर मात्र सगळे लगेच तयार झाले.

मास्तर आता येतात, पण झीरोला हात लावीत नाहीत. ते लायसँडर करतात. १९४२ च्या फेब्रुवारीत आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टांगूला गेली ती हीच विमाने घेऊन. ती लढाऊ नव्हेत, टेहळणीची, संथ चालीची. जपान्यांनी टांगूच्या तळावर बाँब टाकले तेव्हा स्क्वाड्रन लीडर मजुमदार हे त्याच विमानाला बाँब बांधून जपान्यांच्या तळावर गेले आणि परत आले. मास्तरांचे लायसँडर काकांच्या झीरोशेजारी ठेवायचे की वेगळ्या फळीवर, हा वाद बाकी आहे.

आजी चैत्रात आपण होऊन आल्या. दिवाणखान्यात नाही, सरळ ओटीवर, रविवारी, सगळे बसलेले असताना. त्यांनी झीरो मागितले. मी भिंग दिले. आसनाची भोके पाहिली, वैमानिक पाहिला. विचारले, "हा पोरगा केवढा असेल?" मुलगी म्हणाली, वीस-बावीस. आजींनी भिंग खाली ठेवले आणि चहा मागितला. त्या दिवशी त्या आणखी काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी परत आल्या आणि पिशवीतून मामाचा फोटो काढला. तपकिरी पडलेला, चेहरा अर्धा पुसलेला, डोक्यावर काय आहे ते दिसत नाही. म्हणाल्या, "हा पायदळातला होता. विमानात नव्हता. एवढा माणूस होईल का?"

होतो. याच मापात पायदळाचे सैनिकही मिळतात, उभा माणूस इंचाच्या आत. चेहरा मी सुईने रंगवला आहे. कपड्याचा खाकी रंग काकांनी जमवला. अडले आहे ते डोक्याशी. साफा असावा की टोपी, की पोलादी शिरस्त्राण, आणि बिल्ला कोणता, हे पलटणीवरून ठरणार, आणि पलटण आजींना ठाऊक नाही. सिंगापुरात क्रांजी येथे स्मारक आहे, ज्यांची समाधी कोठेच नाही अशा चोवीस हजारांहून अधिक जणांची नावे तेथे कोरली आहेत, त्यांत आपले हिंदी सैनिक पुष्कळ. युद्धसमाधी आयोगाची यादी मोबाईलवरही पाहता येते. मुलीने मामाचे नाव घालून पाहिले तर त्याच नावाचे अनेक निघाले. बापाचे नाव आणि गाव जुळवत ती एकेक बघते आहे. दर रविवारी आजी येऊन विचारतात, कुठवर आले? आपल्यापैकी कोणाच्या माहेरी किंवा सासरी त्या काळची पलटणीची कागदपत्रे, पेन्शनचे पुस्तक, एखादा बिल्ला, कोटाचे बटण असे काही पेटीत पडले असेल, तर कृपा करून आमच्याकडे दाखवायला आणावे. रविवारी तीननंतर आम्ही ओटीवरच असतो.